घरचा गुडघा

शिरवणे गावात केशरबाईंच्या हातात सहसा कुणी हात देत नसे. दिला की तो लवकर परत मिळायचा नाही. लग्नाच्या मांडवात आहेराचं पाकीट पुढे करणाऱ्या पाहुण्याचं मनगट त्या पाकिटासकट धरून ठेवत, अंगठ्यानं चाचपत आणि विचारत, "हा कवा मोडला व्हता?"

"मोडला नव्हता, मावशी."

"मोडला व्हता. शालेत असताना. आयेपासून लपवलास."

आणि आजोबा झालेला तो पाहुणा मांडवभर लोकांसमोर मान खाली घालून उभा राही. पुढे पंगतीत शेजारच्याला सांगे, चिंचेवरून पडलो होतो खरा, पण या बाईला सांगितलं कुणी?

सांगणार कोण, हाडानंच सांगितलं.

केशरबाई हाडं बसवत. मुरगळलेला घोटा, उतरलेला खांदा, सरकलेलं मनगट घेऊन माणसं त्यांच्या घरापुढच्या ओटीवर येत. ही विद्या सासऱ्यांची. सासरे गोटीराम भातशेतीच्या काळातले. बैलाचा पाय आणि माणसाचा पाय यांत ते फारसा फरक करत नसत, आणि बैल कधी तक्रार करायला आला नाही म्हणून माणसांचंही ऐकून घेत नसत. मुलगे दोन होते, पण दोघांची बोटं नांगराच्या कामाची. तेव्हा म्हातारपणी त्यांनी सुनेला ओटीवर बसवलं, मातीचं मडकं गोणीत घालून वरून फोडलं, गोणीचं तोंड बांधलं आणि म्हणाले, "आता भायरून हात लावून जुलव." केशरबाईंनी कितीतरी मडकी फुकट घालवली. सासूबाईंना कुंभाराला तोंड दाखवायची लाज वाटू लागली. पण एका सकाळी गोणी उघडली तेव्हा आत मडकं उभं होतं. सगळीकडून तडकलेलं, पण उभं. गोटीरामांनी गोणी झटकली, खापऱ्या खाली पडल्या. "झाला," ते म्हणाले. "आता मानसां बघ."

त्याबरोबर एक नियमही दिला. हाडाला हात लावायचे पैसे घ्यायचे नाहीत, नारळ घ्यायचा. गोटीरामांना या नियमाचा त्रास झाला नाही, कारण त्यांच्या काळी माणसं बेतानं पडत. पुढे भातखाचरांवर नेरूळ उभं राहिलं. माणसं स्कूटरवरून, सोसायटीच्या संगमरवरी जिन्यावरून, जिममधल्या यंत्रांवरून आणि तासावर भाड्यानं घेतलेल्या हिरव्या टर्फवर पडू लागली, आणि केशरबाईंच्या घरात नारळांचा पूर आला. आमटीत नारळ, कालवणात नारळ, कुणाच्या वाढदिवसाला भेट म्हणून नारळ. सून सुचिता लग्न होऊन आली तेव्हा तिनं पहिल्याच महिन्यात नवऱ्याला विचारलं, "तुमच्यात उपासाला काय देतात, करवंट्या?"

केशरबाई भोंदू नव्हत्या, हे इथेच सांगितलेलं बरं. ओटीवर कुणी लंगडत आला की त्या आधी चेहरा बघत, मग पाय. "रगत दिसला का हास्पिटल. हाड वर आला का हास्पिटल. डोक्यावर आपटला असशील तर मंग माज्याकडं कशाला आलास, देवाला नारल दे आनी हास्पिटलला जा." निम्मी माणसं त्या अशीच परत पाठवत. उरलेल्या निम्म्यांना मात्र त्यांचा हात लागायचा, आणि ती माणसं उठून चालत घरी जायची. जाताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच भाव असे, आपण उगाच एवढे ओरडलो असा.

त्यांचा एकुलता मुलगा दिपेश. मोठी मुलगी मनस्वी, ती खारघरला टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दिपेश पावणे गावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. वय चौतिशीचं. अंगानं धट्टाकट्टा, लग्नाआधी गावच्या संघातून कबड्डी खेळलेला. एकदा पकड करताना उजवा गुडघा पिरगळला होता, तेव्हा केशरबाईंनीच तो बांधला होता. पुढच्या जत्रेला पोरगा पुन्हा मैदानात उतरला, गावानं शिट्ट्या वाजवल्या, विषय संपला.

तो संपलेला नव्हता हे बारा वर्षांनी कळलं. फोर्कलिफ्टवरून उतरताना गुडघा अडकायला लागला. आधी महिन्यातून एखादवेळी, मग रोज. दिपेश जिना उतरताना कठडा धरायला लागला तेव्हा केशरबाईंनी त्याला ओटीवर बसवलं. शेक दिला, आंबेहळदीचा लेप दिला, चाचपून चाचपून पाहिलं. वाटी जागेवर. शिरा जागेवर. हाड साबूत. आणि पोरगा तरी लंगडतोय. गावाला न दिसणारं त्यांना दिसायचं, आणि घरच्या गुडघ्यात त्यांचा हात एखाद्या बंद दुकानासमोर थांबल्यासारखा थांबायचा.

"आये, तुजी ब्यॅटरी उतरली काय?" दिपेश हसत म्हणाला.

"गप ऱ्हा. हाड कायतरी बोलतंय, मना ऐकू येत नाय."

सुचितानं दोघांचंही ऐकलं नाही. ती एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती, आणि पालकांना फोनवर चार वाक्यांत गप्प करण्याची तिला सवय होती. तिनं रजा टाकली आणि नवऱ्याला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. केशरबाईही गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं, पण रिक्षात आधी त्याच बसल्या.

डॉक्टर म्हणजे क्षिप्रा मॅडम. तरुण बाई, केस घट्ट बांधलेले, बोलणं थेट. एमआरआयचे फोटो पाहून त्या म्हणाल्या, "हाडाला काही झालेलं नाही. हाडाच्या टोकावर कूर्चा असते, ती गेलीय. शहाळं फोडल्यावर आत करवंटीला पातळ मलई चिकटलेली असते ना, गुळगुळीत? सांध्यात हाडावर हाड घसरतं ते अशा मलईवरून. यांच्या गुडघ्यात नाण्याएवढ्या जागेत ती खरवडून निघालीय. जुनी जखम वाटते. कधी पिरगळला होता का?"

केशरबाई भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहत राहिल्या. दिपेशनं "कबड्डी" एवढंच सांगितलं. कुणी बांधला ते मॅडमनी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही.

कूर्चा आपणहून भरून येत नाही, मॅडम सांगत होत्या. पुरा गुडघा बदलायचं यांचं वय नाही. पण एक उपाय आहे. खड्ड्याच्या तळाशी हाडाला बारीक भोकं पाडायची, म्हणजे आतून रक्त आणि पेशी वर येतात. वर एक मऊ जाळी बसवायची, शरीराला चालेल अशा पदार्थाची केलेली. कागदासारखी पातळ, खड्ड्याच्या मापानं कापलेली. पेशी त्या जाळीत धरतात, हळूहळू तिथे नवी कूर्चा तयार होते, आणि जाळी स्वतः विरघळून जाते.

"खाडीत दगडाला कालवां, शिंपल्या धरतात, तशी?" केशरबाईंनी विचारलं.

मॅडमनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अगदी तशीच."

"मंग धरेपर्यंत दगड हलवायचा नाय."

"अजिबात नाही. सुरुवातीला जाळी नुसती गोंदासारख्या पदार्थानं चिकटवलेली असते. सहा आठवडे पायावर वजन नाही. पट्टा काढायचा नाही, मी सांगेन तेवढाच गुडघा वाकवायचा, यंत्रावर. जबरदस्तीनं वाकवला किंवा ओढला तर जाळी सुटेल." मग त्या थांबल्या आणि जरा हसून म्हणाल्या, "काकू, माझ्या दोन पेशंटनी तुमचं नाव सांगितलंय मला. म्हणून स्पष्टच सांगते. या गुडघ्याला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही तर नाहीच."

"नाय लावनार," केशरबाई म्हणाल्या. आणि त्या ते मनापासून म्हणाल्या.

ऑपरेशन नीट झालं. दिपेश घरी आला तो कमरेपासून खाली एखाद्या बांधकामासारखा. लांब पट्टा, त्याला बिजागरी, बिजागरीला आकड्यांची चकती. शिरवण्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि पाहुण्यांनी रिकाम्या हाती यायची पद्धत नाही. बोकडाच्या पायाच्या सुपाचे डबे आले. चिंबोऱ्यांचं कालवण आलं, कारण चिंबोरीचं कवच कठीण म्हणजे गुडघ्यालाही कठीणपणा येणार. देवजीमामा, केशरबाईंचे चुलतभाऊ, दर दुसऱ्या दिवशी येऊन खुर्चीत बसत आणि एकच प्रश्न विचारत.

"म्हंजे आत जाली टाकली?"

"हां मामा."

"खाडीत आमी जाली टाकायचो तं मासली गावायची. तुज्यात काय गावनार?"

"कूर्चा, मामा."

"ती खातात काय?"

आणि सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हा, की केशर घरात असताना हास्पिटल कशाला? हा प्रश्न आला की केशरबाई उठून चहा टाकायला जात. ओटीवर रिक्षावाले येत, त्यांचे घोटे त्या बसवत, नारळ कोपऱ्यात ठेवत. आणि आतल्या खोलीत, पडद्यापलीकडे, घरचा गुडघा बिजागरीत बंद. हात धुऊन आत आल्या की त्या दाराशी उभं राहून नुसतं बघत. सुचिता हे बघे. "आये, हात लावायचा नाय हां," ती कामाला निघताना रोज म्हणे, दूध तापवून ठेवा म्हणावं तशा सुरात. त्यात संशय नव्हता. पण रोज म्हणे.

दुपारची वेळ होती. सुचिता शाळेत. दिपेश यंत्रावर पाय हलवून झाल्यावर पट्ट्यासकट पडला होता. कूस बदलायला गेला आणि ओरडला. केशरबाई धावत आल्या. गुडघा किंचित वाकलेल्या अवस्थेत अडकून बसला होता, सरळ होईना. मांडीचा मागचा स्नायू दोरासारखा ताठ. दिपेशच्या कपाळावर घाम.

दिपेशनं हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं नीट ऐकून घेतलं, कुणाला तरी विचारलं आणि सांगितलं, मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत. पाय आहे तसा ठेवा, उशी घ्या, बर्फ लावा, पट्टा काढू नका. संध्याकाळी मॅडम स्वतः फोन करतील.

उशी घेतली. बर्फ लावला. दुखणं वाढत गेलं.

"आये, तू बघ ना."

"ती काय बोलली? ऐकलास ना?"

"ती बोलली संध्याकाळी. तवर काय करू मी?"

"कल काढ जरा. स्नायू धरला हाय, सुटंल."

"रस्त्यावरच्या कुनाचे बी पाय बघतेस," दिपेश दात आवळून म्हणाला, "पोराचा नाय बघत."

माणूस दुखण्यात काहीही बोलतो आणि नंतर विसरतो. ऐकणाऱ्याला विसरता येत नाही. केशरबाई पलंगाच्या कडेला बसल्या. पट्ट्याचे चिकटबंद सुटताना जो फर्रकन आवाज होतो, तो त्या रिकाम्या घरात फार मोठा झाला. आणि एवढ्या दिवसांनी त्यांचा तळवा त्या गुडघ्यावर पडला.

सुजलेल्या कातडीखाली त्यांना वाटी लागली, आणि ती त्यांना जरा बाहेरच्या अंगाला वाटली. वाटली, की त्यांनी तसं वाटून घेतलं, हे पुढे त्यांनी स्वतःला पुष्कळदा विचारलं. त्या क्षणी शंका नव्हती. अशा वाट्या त्यांनी कितीतरी बसवल्या होत्या. एक हात टाचेखाली, एक वाटीच्या कडेला. "शास घे," त्या म्हणाल्या. दिपेशनं श्वास घेतला, आणि त्यानं तो सोडता सोडता त्यांनी पाय ओढला, आतल्या अंगाला वळवला आणि दाबला.

टक.

पाय सरळ झाला. दिपेशनं डोळे उघडले, पाहिलं, आणि हसायलाच लागला. "आये! गेला! आये, तू म्हंजे ना…" केशरबाईही हसल्या. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. पट्टा त्यांनी पुन्हा होता तसा बांधला, आकड्यांची चकती होती त्या आकड्यावर आणून ठेवली. दिपेशला झोप लागली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा गाढ. केशरबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या केल्या, सुके बोंबील भाजले, आणि कुणी नव्हतं म्हणून स्वयंपाकघरात स्वतःशीच लग्नातल्या ढवळ्यातली एक ओळ गुणगुणल्या. गेल्या वर्षभरातली ती त्यांची सगळ्यात सुखाची दुपार होती. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला तेव्हा दिपेशनं सांगितलं, आता बरं वाटतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा शहाळ्याएवढा झाला होता.

सुईनं पाणी काढलं. काचेच्या नळीत लालभडक रक्त उतरलं. मग पुन्हा एमआरआय, पुन्हा ती खोली, भिंतीवर तोच सांगाडा. क्षिप्रा मॅडमनी फोटो लावला आणि पेन्सिलीनं दाखवलं. जाळी खड्ड्यात नव्हती. घडी पडलेल्या कागदासारखी सांध्याच्या एका कोपऱ्यात जाऊन बसली होती. येताना खड्ड्याच्या कडेचीही थोडी मलई घेऊन आली होती.

"पडलात का?"

"नाय," दिपेश म्हणाला.

"पाय टेकवला? पट्टा काढला? कुणी ओढला?"

केशरबाई दाराजवळच्या खुर्चीत. सुचिता त्यांच्या शेजारी. दिपेशनं आईकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहिलं.

"नाय मॅडम. कायच केला नाय. झोपलो व्हतो. आपोआपच."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं ते शांतपणे सांगितलं. काहीच न होता जाळी सुटली असेल तर याचा अर्थ या हाडावर ती धरत नाही. मग दुसऱ्यांदा बसवण्यात अर्थ नाही, तीही सुटेल. सुटलेला तुकडा काढून टाकायचा, सांधा आतून धुऊन घ्यायचा, आणि आहे त्या गुडघ्यावर जमेल तितकी वर्षं काढायची. फोर्कलिफ्ट सोडावी लागेल. पुढे पन्नाशीच्या आसपास गुडघा बदलता येईल. "वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "कधी कधी शरीर घेत नाही."

दिपेशनं मान डोलावली. त्याला आईचं नाव वाचवायचं होतं, आणि त्या बदल्यात आपण काय देऊन बसलो हे त्याला अजून पुरतं कळलं नव्हतं. केशरबाईंना कळलं. त्यांना कालवं कळत होती. कालवं धरली नाहीत असं नव्हतं. दगड उचलून कुणी आपटला होता.

त्यांच्या पुढ्यात त्या घटकेला काय काय होतं ते पाहा. एका बाजूला ओटी, गोटीरामांची गोणी, तिठ्यावर "केशरबाईकडं जा" म्हणून बोट दाखवणारं सगळं गाव. शेजारी सून, जिनं रोज सकाळी न चुकता सांगितलं होतं. आणि समोर तपासायच्या पलंगावर पोरगा, ज्याला चौतिसाव्या वर्षी सांगितलं जात होतं, की तुझंच शरीर कमी पडलं.

"मॅडम, त्याचा शरीर घेतंय," केशरबाई म्हणाल्या. "मी सोडवला."

"आये, तू गप…"

"तू गप." त्या उठून उभ्या राहिल्या. "काल दुपारी. अडकला व्हता. पट्टा मी काढला, मी ओढला. मना वाटी सरकलेली वाटली."

डॉक्टरांची खुर्ची केशरबाईंकडे वळली. मग मॅडम म्हणाल्या, "कसा ओढलात? दाखवा."

आणि केशरबाईंनी तिथे उभ्या उभ्या, हवेत, दोन्ही हातांनी दाखवलं. एक हात टाचेखाली, एक वाटीच्या कडेला. ओढला. आत वळवला. दाबला. शेवटी बोटांनी तो छोटासा झटका दिला, ज्यावर त्यांचं सगळं आयुष्य चाललं होतं. हात खाली आले.

"हो," क्षिप्रा मॅडम म्हणाल्या. "त्यानंच सुटेल."

"मीच बोललो तिला," दिपेश म्हणाला. "ती नाय बोलत व्हती."

सुचिता भिंतीवरच्या सांगाड्याकडे पाहत होती.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुन्हा फोटो लावला, पुन्हा पेन्सिल घेतली. ओढल्यामुळे सुटलं असेल तर पुन्हा एकदा प्रयत्न करता येईल. पण खड्डा आता मोठा झालाय, कडा फाटल्यात. पहिल्यांदा जेवढी खात्री दिली होती तेवढी या वेळी देता येणार नाही. निम्मीही नाही. "सांगितलंत ते बरं केलंत," त्या केशरबाईंना म्हणाल्या, आणि लगेच दुसऱ्या पेशंटची फाईल उघडली.

परतीच्या रिक्षात पाऊण रस्ता संपला. मग केशरबाईंनीच विषय काढला.

"मी मनस्वीकडं जाईन. त्याचा पाय बरा व्हईपर्यंत."

सुचितानं "नको" म्हटलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तिकडं हवा चांगली हाय, आये." आवाज चांगला होता, शब्दही चांगले होते. केशरबाईंनी खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर पाहिलं.

खारघरच्या बाराव्या मजल्यावर खरंच हवा चांगली होती. एवढी, की पदर जागेवर राहत नसे. मनस्वी सकाळी मेट्रो धरायची, जावई त्याच्या आधी. केशरबाई गॅलरीत बसून खाली शाळेच्या बसमध्ये चढणारी पोरं मोजत नसत, नुसती पाहत. कुठलं पोर उजव्या पायावर जास्त जोर देतं ते त्यांना एवढ्या उंचावरूनही दिसे. मग त्या आत येऊन बसत.

एका रविवारी मनस्वी शेजारच्या वैशालीताईंना घेऊन आली. घोटा मुरगळलेला, एका पायावर उड्या मारत. मनस्वीच्या चेहऱ्यावर लहानपणापासूनचा तो अभिमान. "माजी आई बघेल, दोन मिनटांत उठून चालाल."

केशरबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "बर्फ लावा," त्या म्हणाल्या. "पाय वर ठेवा. डाक्टरला दाखवा."

"आई?"

"डाक्टरला दाखवा, बाय."

वैशालीताई आणलेला नारळ टेबलावर ठेवून गेल्या. तो बरेच दिवस तिथेच होता. शेवटी जावयानं सोसायटीच्या वॉचमनला देऊन टाकला.

त्या शिरवण्याला परतल्या तेव्हा दिपेशचं दुसरं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि नवरात्र जवळ आलं होतं. रिक्षा थांबली, आणि ओटीवर दिपेश उभा. काठी होती, पण उभा होता. तो पायरी उतरून त्यांची पिशवी घ्यायला आला, आधी डावा पाय, मग उजवा त्याच्या शेजारी आणून ठेवत, लहान मूल उतरतं तसा. फोर्कलिफ्ट गेली होती. कंपनीनं गेटवर बसायचं काम दिलं होतं, येणाऱ्या ट्रकांचे नंबर घ्यायचं. मांडी घालून बसता येत नव्हतं. गावदेवीच्या पंगतीत त्याला खुर्ची लागणार होती, आणि ती कोपऱ्यात ठेवायची की मधे यावर देवजीमामांनी एक अख्खी संध्याकाळ खर्च केली होती.

"दोन जाल्या झाल्या," मामा म्हणाले. "खाडीत येवढ्या जाल्या टाकल्या असत्या तं घोल गावली असती."

सगळे हसले. सुचिताही हसली, आणि हसता हसता तिनं सासूच्या हातात चहाचा कप दिला. साखर बरोबर होती. तेवढंच, पण ते पुष्कळ होतं.

ओटीवर माणसं अजून येत होती. गावाला मॅडमच्या खोलीत काय झालं ते माहीत नव्हतं. सुचितानं ते घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं, आणि त्याबद्दल दोघींत एक शब्दही झाला नव्हता. केशरबाई आल्या-गेल्याला हॉस्पिटलचा रस्ता सांगत. लोक म्हणत, बाई थकली. घरात नारळ विकत आणावा लागू लागला.

एका दुपारी, सुचिता शाळेत असताना, दिपेश त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला. पाय लांब केला. पट्टा आता नव्हता. गुडघ्यावर दोन उभे वण, एक जुना, एक ताजा.

"परवा एमआरआय हाय," तो म्हणाला. "धरला का नाय ते कलंल."

"हूं."

"तू बघ ना."

"नाय."

"ओढू नको. नुसता हात ठेव."

"दिपेश, मी सांगितला ना तुना."

तो वाकला, पदराखालून त्यानं त्यांचा उजवा हात ओढून काढला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला. मग पाय हळूच वाकवला, हळूच सरळ केला.

केशरबाईंचा हात तिथे पडून राहिला. दाबला नाही, चाचपलं नाही. तळव्याखाली सांधा फिरत होता, आणि कुठेतरी एका जागी, वळणावर, ओल्या वाळूवरून होडी ओढावी तसं बारीक काहीतरी घासून जात होतं. पुन्हा वाकवला. पुन्हा तेच. की नव्हतं? याच हातानं त्यांना सांगितलं होतं, वाटी सरकलीय. तेव्हाही तो इतक्याच खात्रीनं बोलला होता.

"काय बोलतंय?" दिपेशनं विचारलं. तो हसत होता, पण डोळे आईच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. त्याच चेहऱ्याकडे एवढी वर्षं सगळ्या पंचक्रोशीनं याच डोळ्यांनी पाहिलं होतं.

केशरबाईंनी हात उचलला आणि पुन्हा पदराखाली घेतला.

"मॅडमना इचार," त्या म्हणाल्या.